चाकाची आतली बाजू पाहणारे भामरे सर

भामरे सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा आनंद आहे आणि संकोचही. सरांनी तळोद्यात मुलांच्या कितीतरी तुकड्यांना मोटार दुरुस्ती शिकवली. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. आमची ओळख झाली ती माझी नोकरी जायच्या बेतात असताना.

तेव्हा मी एका मंडपवाल्या शेठजींची जीप चालवत असे. मागे जनरेटरची ट्रॉली जोडून चांदसैली घाटातून धडगावकडच्या पाड्यांवर लग्नाला जायचे. जीपचे मागचे टायर कितीही नवे घातले तरी आतल्या कडेने झिजत. बाहेरून पाहावे तर कोरे. मी वळणावर गाडी दामटतो, असा शेठजींचा समज झाला आणि ते दुसरा ड्रायव्हर शोधू लागले. बायकोला दिवस गेले होते. घरी मी काही बोललो नव्हतो.

शेवटी शेठजींनी गाडी सरांकडे नेली. मी पावरा आदिवासी, मराठी बोलताना अडखळणारा. खाली मान घालून उभा राहिलो. सरांनी आधी मला बसायला खुर्ची दिली, मोडक्यातोडक्या पावरीत गाव विचारले, मग गाडीखाली वाकले. टायरच्या आतल्या कडेला रबर झिजून तारा दिसू लागल्या होत्या. घाटात टायर फुटला असता तर काय झाले असते, हे त्यांनी शेठजींना शांतपणे सांगितले.

नंतर त्यांनी भरलेली ट्रॉली मागवून जीपला जोडायला लावली. जोडताच जीपची मागची बाजू खाली बसली. जागा सोयीची म्हणून जनरेटर ट्रॉलीच्या अगदी पुढच्या टोकाला ठेवलेला होता. त्याचा भार जीपवर येत होता. ट्रॉली सोडवून सरांनी मागच्या चाकांना ओळंबा लावला. दोन्ही चाके वरून आत झुकलेली होती, म्हणून टायर आतल्या कडेवरच घासत होते. त्यांना जोडणारी लोखंडी नळी, जिला आम्ही हाऊसिंग म्हणतो, ती ओझ्याने वाकली होती.

सर माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "यामा तुन्ही चूक नही शे, भाऊ."

शेठजींनाही त्यांनी मान खाली घालायला लावली नाही. जनरेटर ट्रॉलीच्या चाकांवर सरकवा, हाऊसिंग बदला, एवढेच सांगितले. काम झाल्यावर सर स्वतः घाटापर्यंत आमच्याबरोबर आले. परतताना शेठजी मागच्या सीटवरून म्हणाले, "गाडी तूच चालव. पुढेही."

बायकोच्या बाळंतपणात अडचण आली, तेव्हा सर दवाखान्यात आले. माझ्या वडिलांना मराठी येत नव्हती. सर त्यांच्याशेजारी बसून पेरणीच्या, बैलांच्या गोष्टी पावरीत करत राहिले. शब्द चुकला की वडील सुधारून देत आणि तेवढ्यापुरती त्यांची काळजी विसरत. मुलगी सुखरूप झाली.

पुढे सुटीच्या दिवशी सरांनी मला हाताशी धरून काम शिकवले. आज माझे चाकांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ड्रायव्हरला दोष देत कुणी मालक आला, तर मी आधी ड्रायव्हरला बसायला देतो.

सरांचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी ते दुकानात येतात. त्यांना निरोगी, निवांत आणि भरपूर आयुष्य लाभो. सरांनी खुर्चीत बसून फक्त सांगावे; गाडीखाली वाकायला आम्ही आहोत.