हारलन मरायचा कसा

मरण्यात हारलन ग्रूबरचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. हसू नका. आमच्या ओहायोत दर जुलैला गावाबाहेरच्या माळावर अमेरिकेच्या यादवी युद्धातली लढाई हौसेखातर पुन्हा लढतात. निळे कोट उत्तरेचे, करडे दक्षिणेचे, बंदुकीत नुसती दारू, गोळी नाही. कोणी कधी मरायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आता कुठून कुठून गाडी हाकत, लोकरीचा कोट चढवून आलेल्या माणसाला पहिल्याच फैरीत गवतात आडवं व्हायला कसं आवडेल? त्यामुळे शेवटपर्यंत सगळे अमर! हारलन मात्र वेळेवर मरायचा. गुडघे दुमडून, टोपी उडवून असा कोसळायचा की बघणाऱ्या बाया तोंडावर हात ठेवायच्या.

पोटापाण्यासाठी त्याने जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, पण जीव सगळा त्या युद्धात. नव्या लोकांशी तो फार कडक वागे. "घड्याळं काढा. आणि मेल्यावर बोलायचं नाही! बिगुल वाजेपर्यंत मेलेला म्हणजे मेलेला. त्या खऱ्या पोरांना पाठ खाजवायला उठता आलं होतं का?" भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. म्हणायचा, "तत्त्वासाठी मेले म्हणे! अरे, शेजारी भाऊ उभा होता म्हणून पळाले नाहीत, एवढंच."

त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ मर्विन वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी निळ्या कोटात उभा राहिला. मग ती निवडणूक आली. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला टर्की कापता कापता हारलन बोलून गेला, "पणजोबांनी त्या युद्धात ज्या विचारापायी पाय गमावला, त्याच्याच उलट मत देऊन आलास. लाज नाही वाटत?"

मर्विनही काही कमी नाही. "तुझं सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं! माझी नोकरी गेली ती यंदा. त्यावर बोल की."

"चार पुस्तकं वाचली असतीस तर..."

"चुलीत घाल तुझी पुस्तकं!"

मर्विन भरल्या ताटावरून उठला, तेव्हापासून बोलणं बंद. अंगणाला अंगण लागून, पण एकमेकांकडे मान वर करून बघतील तर शपथ. वर मर्विनने करडा कोट शिवून घेतला आणि थेट समोरच्या फौजेत नाव नोंदवलं. हे हारलनच्या फार जिव्हारी लागलं.

यंदाच्या लढाईला मर्विनची बायको लोर्ना हट्टालाच पेटली. सकाळी गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "हारलनची तब्येत बरी दिसत नाही. साठी उलटली तुमची, शाळकरी पोरांसारखे रुसून काय बसता? आज त्याच्याशी बोललास तरच मी घरी येईन."

"बघू."

"बघू नाही. बोलायचं."

मर्विनलाही मनातून तेच हवं होतं. पण आधी तोंड कोणी उघडायचं? शेवटी त्याला युक्ती सुचली. बिगुल वाजला की मेलेले उठतात आणि जवळ पडलेल्या शत्रूशी हात मिळवतात, अशी इथली रीत. म्हणजे हारलनच्या शेजारीच मरायचं. मग हात पुढे करावाच लागेल आणि कमीपणा कोणालाच नाही.

दुपारी ऊन असं तापलं की बंदुकीच्या नळीला हात लावला तर चटका बसत होता. करडे कोट निळ्यांच्या पुढ्यातल्या कुंपणाकडे धावले. हारलन या खेपेला लवकर पडला, आणि नेहमीसारखा नाही. आधी खालीच बसला, कोटाच्या गुंड्या चाचपल्या, मग कुशीवर कलंडला. टोपी डोक्यावरच. मर्विनला रागच आला. मला बघून धड मरतसुद्धा नाही हा! तरी तो धावत तिथवर पोचला, छाती धरली आणि भावापासून हातभर अंतरावर पडला.

हारलनचे डोळे उघडे होते. ओठ पांढरेफटक.

"मर्व," तो म्हणाला.

एवढ्या महिन्यांनी भावाने हाक मारली होती. आणि आधी तोच बोलला होता! त्या आनंदात मर्विनला काय अवदसा आठवली कोण जाणे, तो हळूच पुटपुटला, "मेलेलं माणूस बोलत नाही, हारलन. तूच शिकवलंस ना?"

हारलनचे ओठ पुन्हा हलले. मर्विनने तोवर डोळे मिटून घेतले होते, गालातल्या गालात हसत. उठल्यावर काय बोलायचं तेही त्याने जुळवलं. चल म्हाताऱ्या, थंडगार बिअर पाजतो.

बिगुल वाजला. माळभर मेलेले उठले आणि अंगावरचं गवत झटकायला लागले. मर्विनने हात पुढे केला.

"ऊठ रे. पुरे झालं. जिंकलास तू."

त्याने खांदा हलवला. मग कोटाच्या गुंड्या तटातट तोडल्या. आतला सदरा घामाने चिंब होता आणि छाती हलत नव्हती.

"हारलन! अरे, डॉक्टर आणा कोणीतरी! माझा भाऊ आहे हा, माझा भाऊ!"

करड्या कोटातला माणूस निळ्या कोटातल्याला कवटाळून ओरडत होता. दोरीपलीकडे बघायला जमलेल्या लोकांनी तेही खेळातलंच धरलं आणि उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात पुढे लोर्ना होती. भावाभावांची मिठी बघून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मिटलं बाई एकदाचं," असं शेजारणीला म्हणत ती जोरजोरात टाळ्या वाजवत राहिली.