निरशा दुधाचा पेला

भूकंपानंतर आम्ही दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. गाव केज तालुक्यातलं. भिंत पडली तेव्हा धाकटी बहीण तिच्याखाली सापडली. मी बाहेर ओट्यावर झोपले होते. तिला बाहेर काढलं तेव्हा नुसतं खरचटलं होतं, पण त्या दिवसापासून गाईची पहिली धार तिची झाली. आई सडाखाली पितळी पेला धरायची आणि फेसासकट निरसं दूध तिला तिथंच पाजायची. तापवलं की दुधातली ताकद जाते, असं आमच्याकडे सगळेच मानत. उरलेलं डेअरीला जाई. मला कोरा चहा.

मी नऊ वर्षांची होते, ती सहा. एकदा विचारलं, "मला कावून न्हाई?"

"तू कुठं दबली हुतीस?" आई म्हणाली.

भिंत माझ्यावर पडायला हवी होती, असं मला तेव्हा वाटत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात बहिणीचं पोट फुगलं, हातपाय काटक्या झाले. संध्याकाळी ताप यायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "जंत हायेत." जंताचं औषध झालं, पोट उतरलं नाही. आई आम्हा दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पोटाचा टीबी आहे. कित्येक महिने गोळ्या. मध्येच सोडल्या तर पोर हाती लागणार नाही. दूध तापवून देता का?"

"न्हाई साहेब. ताकद यावी म्हणून निरसंच."

"त्यातूनही होतो. खोकणाऱ्या माणसाकडूनही होतो. नक्की सांगता येत नाही. आणखी कोण पितं?"

"कुणी न्हाई," आई म्हणाली.

"मीबी पेले," मी म्हणाले. ते खोटं होतं.

डॉक्टरांनी बहिणीला बाहेर बाकावर बसायला पाठवलं आणि मला टेबलावर झोपवलं. बहिणीचं दाबलं तसंच माझं पोट चारी बाजूंनी दाबलं. आई माझा पाय घट्ट धरून उभी होती.

"हिला काही नाही," ते म्हणाले. आईनं पाय सोडला.

परतीच्या एसटीत बहिणीनं तिच्यासाठी घेतलेला बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे केला.

"खा अक्का. तुला बी झालंय न्हवं?"

मी खरं सांगितलं नाही. दोन बिस्किटं खाल्ली.

पुढे रोज सकाळी तिच्या गोळ्या मीच दिल्या. एकही दिवस चुकवला नाही. ती बरी झाली. दूध चुलीवर तापू लागलं. पेला मात्र तिचाच राहिला.