सुका माल

आमच्या दातिवऱ्यात माल म्हणजे मासळी. होडी किनाऱ्याला लागली की पहिला प्रश्न, "माल किती?" आणि तीच मासळी वाळवून टोपलीत भरली की सुका माल. या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल, हे मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

कॉलेज पालघरला होतं. आमच्या घरात आठवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मला पुढे शिकवायचं हे ठरवलं मामाने. आईचा हा थोरला भाऊ आमच्याकडेच राहायचा. एकेकाळी तो तांडेल होता, होडीवर त्याचा शब्द चालायचा. मग एकदा जाळ्याच्या दोरात पाय सापडला, घोटा वाकडा झाला आणि समुद्र सुटला. बाबा म्हणाले होते, "कालेजात जाऊन काय करल? घरात काम कमी हाय का?" मामा म्हणाला, "कामाला आमी हाव ना. तिला जाव दे." एवढंच. पण त्यानंतर रोज सकाळी मी वेणी घालत असताना मामा काठी घेऊन रस्त्यात उभा असायचा, सफाळे स्टेशनची एसटी माझ्यासाठी थांबवून धरायला. ड्रायव्हर ओरडायचा, "म्हाताऱ्या, मरशील एक दिवस!" मामा म्हणायचा, "मरन पन पोरीला घेऊन जा."

हा मामा संध्याकाळी घरामागे, बोंबील वाळत घालायच्या बांबूंजवळ बसून चिलीम ओढायचा. घरात त्या चिलमीला 'मामाचं औषध' म्हणायचे. ते घेतलं की त्याचा पाय ठणकायचा थांबायचा आणि तो जेवायला यायचा. औषध म्हणजे गांजा, हे मला कळत होतं. पण तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि मीही उच्चारला नाही.

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तो शब्द फळ्यावर लिहिलेला दिसला. 'गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये.' अमली पदार्थांचा नवा कडक कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्यामुळे सरांना हा विषय ताजा वाटला असावा. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझ्या चिठ्ठीवर 'अनुकूल' होतं. म्हणजे टाकू नये, असं मला बोलायचं होतं.

मी सरांना गाठलं. "सर, मला बाजू बदलून द्या ना. मला यातलं काही माहीत नाही."

"मग माहीत करून घे. वाचनालय कशाला आहे?"

मी खोटं बोलले होते. भीती दुसरीच होती. स्टेजवर बोलताना तोंडून घरचं काही निघालं, तर मामाला धरून नेतील. तो गेला तर एसटी कोण थांबवील, असाही विचार मनात आला होता. आता त्याची लाज वाटते, पण आला होता.

वाचनालयात कायद्याचं पुस्तक मिळालं. इंग्रजी होतं, शब्दकोश घेऊन बसले. स्वतःपुरता थोडासा बाळगला तरी शिक्षा होती. आणि एक गंमत सापडली. त्या झाडाचा शेंडा, फुलोरा म्हणजे गांजा. नुसती पानं मात्र त्यात धरलेली नव्हती.

संध्याकाळी मी पहिल्यांदा मामाजवळ जाऊन बसले आणि हे सांगितलं. तो हसायलाच लागला. "म्हंजे झाड एकच, नि पान सुटला, फूल अडकला?"

"मामा, हसू नको. तुला काय वाटतं? सरकारने हे खुलं करावं का?"

"नाय गो बाय. दुकानं काढली तर तुझ्या कालेजातली पोरं रांग लावतील. नुको."

"मग बंदी बरोबर?"

"ता पन मी नाय बोललू." त्याने चिलीम बांबूवर झटकली. "दुकान नुको. पन कोठडी पन नुको. या वाकड्या पायाला कोठडीत घालून सरकारला काय भेटल?"

गांजा खुला करणं वेगळं आणि ओढणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणं वेगळं, हा फरक मी पुस्तकात शोधत होते. तो मला वाळत्या बोंबलांखाली मिळाला. वहीत मी तो लिहूनही घेतला. फक्त कुणी सांगितला, ते लिहिलं नाही.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी आईबरोबर बोईसरच्या बाजाराला गेले. आई तिथे सुकी मासळी विकायची. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कारखान्यातले कामगार, निम्मे हिंदी बोलणारे. दुपारी आई "आले हां" म्हणून थोडा वेळ कुठेतरी जाऊन आली. मी टोपलीजवळ वही वाचत बसले होते. ती येऊन टेकते न टेकते, तोच एक तरुण शिपाई समोर उभा राहिला. बोलण्यावरून देशावरचा वाटत होता आणि अंगावरचा गणवेश कोरा होता.

"मावशी, टोपलीत काय?"

"सुका माल हाय," आई म्हणाली.

तो दचकलाच. "माल? उघड सांगता?"

"मंग? लपवाचा कशाला? ताजा हाय. दातिवऱ्याचा."

"कोणाला देता?"

"ह्या कंपनीतल्या पोरांना. एकदा चव लागली का दर रविवारी येतात बिचारे."

शिपायाने टोपलीला हात घातला नाही, वासानेच मागे सरला असावा. "चला चौकीत," म्हणाला. "टोपली घ्या. ही कोण? मुलगी? हिलाही घेऊन फिरता या धंद्यात?"

"पोरगीच हाय. सुट्टीला मदत करते," आई अभिमानाने म्हणाली.

तेव्हा मला काही कळेना. चौकी बाजाराच्या कोपऱ्यावरच होती. आत पिकल्या मिशांचे एक हवालदार बसले होते, बोलण्यावरून इकडचेच. शिपायाने सांगितलं, "बाईने कबूल केलंय. माल आहे. कामगारांना पुरवते."

हवालदारांनी टोपलीवरचं फडकं उचललं. वर बोंबील, खाली जवळा, कडेला वाकट्या. त्यांनी एक बोंबील शेपटीला धरून शिपायासमोर नाचवला. "हा माल? अरे, तुमच्याकडे गांजाला म्हणत असतील, इथे मासळीला माल म्हणतात. तुझ्या त्या मालाला हे लोक..." माझ्याकडे बघून ते थांबले. शिपाई कानापर्यंत लाल झाला. मला हसू फुटलं. मी आईकडे पाहिलं आणि ते तिथेच विरलं.

आई हसत नव्हती. तिचा उजवा हात कमरेच्या चंचीवर घट्ट दाबलेला होता. पान-तंबाखूची ती कापडी पिशवी मी जन्मापासून बघत आले होते. पण ती एवढी फुगलेली कधी नसायची. दुपारी ती कुठे जाऊन आली, ते मला तेव्हा कळलं. मामाला त्या पायाने बोईसरपर्यंतचा प्रवास जमत नव्हता. इतकी वर्षं त्याचं औषध कोण आणत होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी मामाला धरतील म्हणून घाबरत होते, आणि सापडली होती आई.

हवालदारांनीही तो हात पाहिला. शिपायाला ते म्हणाले, "जा, चहा सांग." तो गेला.

"मावशी, चंचीत काय?"

"पान-तंबाखू." आईचा आवाज बारीक झाला होता.

"कोण खातं?"

"भाऊ. पाय मोडलाय त्याचा."

पायाचा आणि तंबाखूचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाले, "काय शिकतेस?"

"बी.ए. शेवटचं वर्ष."

"घरात आणखी कोण शिकलंय?"

"कोणी नाही."

त्यांनी फडकं पुन्हा टोपलीवर नीट पसरलं. "मावशी, निघा. आणि असला तंबाखू या बाजारात पुन्हा आणू नका. पुढच्या रविवारी या खुर्चीत मी असेनच असं नाही."

घरी पोचल्यावर आईने मामासमोर चंची ठेवली आणि घडलं ते सांगितलं. मामा बोंबलाचं ऐकूनही हसला नाही. "आजपासून तू आनायचा नाय," तो म्हणाला. "मला पायजे तर मी जाईन. मला धरू दे."

तो जाऊ शकत नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

स्पर्धेत मी बोंबलाचा किस्सा सांगितला. सभागृह खूप हसलं. त्या हशानंतर चंचीचं सांगावं, म्हणजे माझा मुद्दा सर्वांना पटेल, असं क्षणभर वाटलं. पण त्यात आई होती, मामा होता, आणि आता ते हवालदारही होते. मी ते वगळलं. घंटा वाजायला थोडाच वेळ उरला होता. कसंबसं एवढंच म्हणाले, "टोपलीत दुसरं काही निघालं असतं, तरी ती बाई तीच राहिली असती. तिला घरी पाठवायचं की तुरुंगात, हे समोरच्या माणसाच्या चांगुलपणावर राहू नये. तो चांगुलपणा कायद्यात लिहिलेला असावा."

माझ्यानंतर प्रतिकूल बाजूने पाम गावचा एक मुलगा बोलला. त्याचा भाऊ गांजा ओढून कारखान्यात कामाला गेला आणि यंत्रात हात गमावून बसला. त्याने हे थेट नावानिशी, घरचं म्हणून सांगितलं. बक्षीस त्याला मिळालं. मला वाईट वाटलं नाही. त्याला जे उघड बोलता आलं ते मला आलं नाही, आणि त्याच्या भावाच्या हाताला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

औषध बंद झालं आणि मामाने पुढचे काही महिने वाईट काढले. चिडायचा, ताट सारायचा, रात्री कण्हायचा. आई आणि मी आळीपाळीने तेल चोळायचो. पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा आराम पडला, पूर्ण कधीच नाही. कायद्याने त्याचं औषध सोडवलं असं मी म्हणणार नाही. आईचा चंचीवर दाबलेला हात त्याने पाहिला नव्हता, पण त्याला तो दिसला असावा. सकाळी मात्र काठी घेऊन रस्त्यात उभं राहणं त्याने एक दिवस चुकवलं नाही.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मामा म्हणाला, "त्या हवालदाराला पेढे नुको. आपला असंल ता दे." त्याने स्वतः निवडून मोठेमोठे बोंबील पिशवीत भरले. मी बोईसरच्या चौकीत गेले. खुर्चीत दुसरेच कुणी होते.

"पिशवीत काय?"

"सुके बोंबील," मी म्हणाले. माल हा शब्द आमच्या घराने बोईसरमध्ये टाकून दिला होता.

आधीच्या हवालदारांची बदली झाली होती. त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुठे, हेही धड विचारता येईना. "त्यांना द्यायचे होते," मी म्हणाले. "माझा निकाल लागला."

"अभिनंदन. पण आम्ही असं काही घेत नाही."

मी पिशवी परत घरी आणली. आईने बोंबील चुलीत भाजले आणि आम्ही भाकरीबरोबर खाल्ले. मामा काटा काढत म्हणाला, "पोलिसाने माल परत केला. तुझा कायदा बदलला वाटतं गो, बाय."

आई हसली. त्या रविवारनंतर या गोष्टीवर ती पहिल्यांदाच हसली. जे त्या हवालदारांना सांगायला गेले होते ते माझ्याजवळच राहिलं, म्हणून इथे लिहिते आहे. त्यांनी फडकं पुन्हा नीट पसरलं नसतं, तर त्या निकालाच्या दिवशी चुलीजवळ आई नसती.