तरोट्याची भाजी आणि माझी सासू

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईच सांगायची. पण त्या जिभेनं मी कोणाचं वाटोळं केलं ते ऐका.

माझी सासू जमुनाबाई केशोरी गावची. साठीतही धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणारी. सासरे गेल्यावर आम्ही तिला शहराला लागून असलेल्या कुडव्याला, आमच्या घरी आणलं. पहिल्याच पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवरचा तरोटा पदरभर खुडून आली. गावी ही रानभाजी आणि जवसाची चटणी, हेच तिचं खाणं. समोरची शेजारीण हसून म्हणाली, "भाभी, आपकी सास तो गाय का चारा ले आई." झालं! माझं नाकच कापलं. मी चार बायांसमोर सासूला बोलले. म्हटलं, इथं लोकं आम्हाला भिकारी समजतीन. गावाहून आणलेलं जवससुद्धा कचरागाडीत टाकलं.  मग ती आम्ही देऊ ते खाऊ लागली, पांढरा भात, आलू, चहासोबत बिस्किटं.

तीन वर्षांत तिला साखरेची बिमारी लागली. यंदा अंगठ्याला ठेच लागली, ती महिना झाला तरी भरेना. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं विचारलं, पहिले काय खात होत्या? तिनं माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून मीच सांगितलं. ते म्हणाले, साखरेचं कारण एकच नसते, वय झालं, चालणंही सुटलं. पण अशा पाल्यातला तुरट अंश, जवसातला चोथा आपल्याला पुरता पचत नाही; आतड्यातले चांगले जीवाणू त्यावर जगतात आणि साखर आवरायला हातभार लावतात. ते खाणं तुटलं की तेही घटतात. गोळ्या सोडू नका, पण तुम्ही भाजी कायले बंद केली?

कायले! काय सांगू त्यांना, शेजारणीसाठी? मेली माझी मलाच लाज वाटली.

परत येताना गाडी थांबवून मी स्वतः तरोटा खुडला. भरदिवसा, रस्त्याच्या कडेला, लोकं पाहून राहिले होते तरी. लसूण-मिरची टाकून भाजी केली, ताट तिच्यापुढं ठेवलं.

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं.

तिनं ताटाकडे पाहिलं. मग पट्टी बांधलेला पाय ओढत उठली, दाराला आतून कडी घातली, खिडकीही लोटली, आणि येऊन हळूच म्हणाली,

"आता खातो, बाई. आता कोणी पाहत नाही."