आजोबा आडवे झालेत

आमच्या जंगलातल्या लॉजला कुंपण नाही. पाहुण्यांना त्याचंच कोण कौतुक! खोलीच्या ओट्यावर चहा घेत हत्ती बघायला येतात बिचारे. आम्हाला मात्र स्वयंपाकघरातून सात नंबरच्या खोलीपर्यंत जायचं तरी गात्शेनींची सोबत लागते.

गात्शेनी म्हणजे मखोखेली न्दलोवू. न्दलोवू हे त्यांचं आडनाव, आणि आमच्या भाषेत न्दलोवू म्हणजेच हत्ती. त्या कुळातल्या माणसाला आम्ही बरोबरीची माणसं मानाने गात्शेनी म्हणतो. बावीस वर्षं ते हातात नुसती काठी घेऊन पाहुण्यांना पायवाटेने नेतात-आणतात. हत्ती समोर आला की जागच्या जागी थांबायचं आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "मी तुमच्याच नावाचा. जरा वाट द्या."

"हत्तीला काय तुमचं ओळखपत्र दिसतं?" मी चिडवायची.

"मासिबांडा, तू सिंहाच्या कुळातली. तुला फक्त खायचं कळतं," ते म्हणायचे. दुष्काळात गावात हत्तीचं मांस वाटलं, तेव्हाही हा माणूस उपाशी झोपला होता. ज्या प्राण्याचं कुळ, त्याचं मांस आमच्यात खात नाहीत.

वॉकीटॉकीवर 'न्दलोवू आला' म्हटलं की माणूस आला की जनावर, हेच कळेना. म्हणून फार पूर्वीच ठरलं: माणूस तो गात्शेनी आणि जनावर ते आजोबा.

मग बुलावायो शहरातून नोमालांगा आली, स्वागतकक्षात. नातीच्या वयाची पोर. कुळाच्या नावाने हाक मारणं तिला थोरामोठ्यांचं काम वाटे, म्हणून ती गात्शेनींना आजोबाच म्हणायला लागली. आम्हाला गंमत वाटली. कोणी तिला टोकलं नाही, मीही नाही.

त्या दिवशी चार वाजता गाड्या पाहुण्यांना घेऊन निघाल्या. बंदुका त्यांच्याचबरोबर. मी पावाचं पीठ मळत होते, तेवढ्यात वॉकीटॉकीवर नोमालांगाचा आवाज आला, "आजोबा सात नंबरच्या वाटेवर आडवे झालेत."

तिथल्या वारुळाला टेकून एक म्हातारा सुळेवाला हत्ती नेहमी झोपतो. मी पिठाच्या हातानेच बटण दाबलं. "पडू दे म्हाताऱ्याला. झोप झाली की जाईल आपोआप. सगळ्यांनी दारं लावून घ्या." धोबीघरातून कोणीतरी खिदळलं. नोमालांगा गप्प झाली. ती नवी, मी जुनी.

वीस मिनिटांनी पुन्हा तिचा आवाज. या वेळी रडवेला. "मावशी, मी गच्चीवरून बघतेय. अजून तसेच आहेत. कोणीच जाणार नाही का?"

"वेडी का काय तू? जवळ कोण जाईल? कान हलतायत का ते बघ."

"कान?" ती घुटमळली. "कान कसे दिसतील एवढ्या लांबून? त्यांची टोपी पडलीय बाजूला."

हत्तीला कुठली आलीय टोपी! मी "गात्शेनी, गात्शेनी" अशा वॉकीटॉकीवर हाका मारल्या. उत्तर नाही. गाड्या लांब जंगलात. मी दार उघडलं आणि निघाले. सोबतीशिवाय त्या वाटेवर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

वळणावर ते दिसले. साळिंदराच्या खड्ड्यात पाय मुरगळून पडलेले, पाय नको तिकडे वळलेला. वॉकीटॉकी हातभर लांब गवतात उडालेली. डोळे उघडे होते. मी धावणार, तेवढ्यात त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि नजरेने उजवीकडे दाखवलं.

मोपानीच्या झुडपाआड हत्तीण होती, पायाशी पिल्लू. गच्चीवरून ती दिसणंच शक्य नव्हतं. तिने कान पसरले आणि एक पाऊल पुढे टाकलं. पळावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पळालेल्याच्या मागे ती येते आणि वाटेत ते पडले होते. मी थांबले. जागच्या जागी उभी राहून त्यांचेच शब्द पुटपुटले, "हा तुमच्याच नावाचा आहे. जरा वाट द्या."

ती किती वेळ बघत राहिली, देव जाणे. मग सोंडेने पिल्लाला ढकललं आणि दोघं नदीकडे उतरली.

मी त्यांच्याजवळ मटकन बसले. "हाक का नाही मारलीत?"

"तिच्या पिल्लाच्या दहा पावलांवर?" त्यांचा आवाज खरखरत होता. "आणि तू सोबतीशिवाय बाहेर कशी पडलीस?"

तेवढ्यात गवतातून धोबीघरातल्या त्या खिदळणाऱ्याचा आवाज आला, बारीक पण अगदी स्पष्ट, "काय गं मासिबांडा, उठला का तुझा म्हातारा?"

मी त्या वॉकीटॉकीकडे बघत राहिले. म्हणजे अर्धा तास आमचं सगळं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. मान वर करायचा धीर होईना.

गात्शेनींनी पिठाने माखलेलं माझं मनगट धरलं. "झोप झाली माझी," ते म्हणाले. "पण आपोआप जाता येईना गं."