उजव्या ब्रेकवरची चिंधी

मुलुंड पूर्वेला तिशी-चाळिशीत स्कूटर शिकलेली कुणी बाई भेटली, तर तिला नुसतं विचारून बघावं, "कुणाकडे शिकलात?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "परबताईंकडे." आणि पाठोपाठ, शाळेतली कविता म्हणावी तसं, "उजव्याने पळवायचं, डाव्याने थांबवायचं."

हे सुगंधा परबचं वाक्य. बंद कारखान्यामागचं एका ट्रस्टचं मैदान, एक जुनी स्कूटर आणि ओढणी कमरेला घट्ट बांधलेली सुगंधा, एवढाच तिचा क्लास. नवऱ्याने शिकवताना ओरडून रडवलेल्या बायका तिच्याकडे येत. ती ओरडत नसे. मागची दांडी धरून धावे आणि कधी सोडली ते सांगत नसे. पहिल्याच दिवशी मात्र ती गाडीच्या उजव्या ब्रेकला लाल चिंधी बांधून टाके. "ही आग समजायची. हात लावायचा नाही. डावा ब्रेक आपला."

या चिंधीला इतिहास होता. सुगंधाचा नवरा चंद्रप्रकाश, बस डेपोतला मेकॅनिक. त्याचा दोस्त धोंडू एकदा घाटात मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबून हँडलवरून उडाला आणि समोरचे दात गमावून बसला. त्या दातांपासून परबांच्या घरात पुढचा ब्रेक वर्ज्य झाला. चंद्रप्रकाशने बायकोला तसंच शिकवलं, बायकोने अर्ध्या मुलुंडला. स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, म्हणून उजव्यावर चिंधी. बायका शिकून जाताना ती चिंधी मागून नेत आणि आपल्या गाडीला बांधत. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधावी, तशी.

उत्तरानेही बांधली होती. उत्तरा बँकेत होती, शिकायला आली तेव्हा घाबरट, पण एकदा जमल्यावर लेकीला मागे बसवून सगळीकडे जायची. दोन पावसाळ्यांपूर्वी शाळेच्या कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. उत्तराने डावा ब्रेक सगळ्या ताकदीनिशी दाबला, मागचं चाक घसरलं आणि ती गाडीसकट रिक्षाखाली गेली. लेक त्या दिवशी मागे नव्हती, हे नशीब. उत्तराची मांडी मोडली. आता काठी घेऊन चालते. रस्त्यावर बारीक वाळू होती, असं सगळेच म्हणाले. सुगंधा डब्यातून गरम पेज घेऊन गेली तेव्हा तीही म्हणाली, "वाळूच होती गं मेली. तू तरी काय करणार?"

यंदा ट्रस्टने कळवलं, यापुढे मैदानावर शिकवायचं तर प्रशिक्षकांची परीक्षा पास व्हायला हवी. परीक्षा घाटकोपरच्या केंद्रात, दिवाळीपर्यंतची मुदत. नाहीतर क्लास बंद. सुगंधाला यात काळजीचं काही दिसलं नाही. चंद्रप्रकाश तर हसलाच. "तुका कोण नापास करतलो? त्येंकाच शिकवून ये."

केंद्रात परीक्षक म्हणून गंधाली उभी होती. सुगंधाचीच जुनी विद्यार्थिनी. तिने सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. सुगंधाला वाटलं, झालं, निम्मी परीक्षा इथेच झाली.

परीक्षा सोपी दिसत होती. वेगात यायचं, झेंडा खाली पडला की पांढऱ्या पट्टीच्या आत थांबायचं. झेंडा पडला. सुगंधाने डावा ब्रेक दाबला, मागचं चाक फरफटलं, गाडी पट्टी ओलांडून गेली. दुसऱ्यांदाही तेच.

"ताई, उजवा ब्रेक दाबलाच नाहीत तुम्ही."

"दाबायचा नसतोच तो."

गंधालीने वाद घातला नाही. "बसने ब्रेक मारला की उभी माणसं कुठे जातात?"

"पुढे."

"गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकावर येतो. जिथे भार तिथे पकड. मागचं चाक हलकं पडतं, ते एकटं घसरणारच. दोन्ही ब्रेक हवेत ताई."

"मग धोंडू कसा उडाला?"

"कोण धोंडू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गंधाली हसली नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांनी एकदम गच्च आवळला असणार, उतारावर. हँडल सरळ ठेवून दाब वाढवत न्यायचा. लिंबू पिळतो तसा. लिंबावर कोणी बुक्की मारतं का?"

सुगंधाला पटलं. तिसऱ्या खेपेला ती मनाशी घोकत निघाली, दोन्ही, दोन्ही. झेंडा पडला आणि उजवा हात जागचा हललाच नाही. पोळी लाटताना हाताला सांगावं लागत नाही, तशीच ही सवय; आता तो सांगूनही ऐकेना.

गंधालीने कागदावर 'नापास' असा शेरा लिहिला. सुगंधा तिच्या जवळ गेली. "गंधाली, तुला मी शिकवलंय."

"हो ताई. माझाही हात उठत नव्हता. इथे आल्यावर रोज सराव केला, तेव्हा कुठे सुटली ती सवय." "तुम्हाला आज पास केलं, तर उद्या कुणाच्या तरी ब्रेकला तुम्ही पुन्हा चिंधी बांधाल. मला नाही जमणार ते."

परतीच्या बसमध्ये सुगंधाला बसायला जागा मिळाली नाही. मनात राग धुमसत होता. कालची पोर, मला शिकवते. भांडुपच्या सिग्नलला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. सगळी उभी माणसं पुढे कलंडली, सुगंधाही समोरच्या बाईच्या पाठीवर आदळली. सॉरी म्हणता म्हणता तिला शाळेचा कोपरा दिसला. आडवी रिक्षा, आणि उत्तराची उजवी मूठ, ब्रेकला न शिवणारी.

ती घरी गेली नाही. उत्तराच्या बिल्डिंगखाली उतरली. जिन्याशेजारी उत्तराची स्कूटर होती, पडल्यापासून कव्हर घालून ठेवलेली. सुगंधाने कव्हर वर केलं. उजव्या ब्रेकवर चिंधी होती. ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे अजून लालच्या लाल.

वर उत्तरा वाल सोलत बसली होती. सुगंधाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसचं, भाराचं, धोंडूच्या दातांचंसुद्धा.

उत्तराचा हात थांबला. "म्हणजे वाळू नव्हती?"

"वाळू होती. दोन्ही ब्रेक लावूनही तू पडली असतीस की नाही, ते मला नाही सांगता येणार. पण एक ब्रेक मी तुला बांधूनच दिला होता."

उत्तराने पुन्हा एक वाल उचलला. "ताई, आज चहा नाही करत. तुम्ही जा."

"ती चिंधी सोडून नेऊ?"

"न्या."

त्यानंतर सुगंधाने क्लास बंद ठेवला. फोनमधली जुनी नावं काढून एकेकीला फोन लावला. रविवारी मैदानावर या, मी चुकीचं शिकवलंय, आपण सगळ्याच नव्याने शिकू. काहीजणींनी ऐकून सोडून दिलं. "आम्हाला काही झालं नाही हो ताई, झकास चालवतोय." काहीजणी आल्या. शकु म्हणून एक जुनी, फटकळ विद्यार्थिनी होती, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्ध्याच ब्रेकवर फिरत होतो की."

"हो," सुगंधा म्हणाली. "चिंधी सोड आधी."

गंधाली येऊन पट्टी आखून गेली. बायका रांगेने येत, थांबत, पुढे जात, एकमेकींना हसत. सुगंधाचा हात सगळ्यांत शेवटी वळायला लागला. तोही कधी उठे, कधी नाही. दिवाळी जवळ येत होती आणि त्याआधी परीक्षा पुन्हा द्यायची होती.

अशाच एका रविवारी फाटकातून काठीचा आवाज आला. उत्तरा आली होती. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"खूण कोण करतंय?" तिने विचारलं.

"शकु करते, रुमालाने," सुगंधा म्हणाली.

"आज मी करते. ती चिंधी आणलीय का?"

सुगंधाने पर्समधून चिंधी काढून तिच्या हातात दिली. उत्तरा पट्टीच्या टोकाकडे निघाली तशी सुगंधा म्हणाली, "समोर नको, बाजूला उभी राहा."

"माहितीय मला," उत्तरा म्हणाली आणि बाजूला झाली.

सुगंधा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वळली. लांबून उत्तरा तिरकी दिसत होती, सगळा भार काठीवर. गाडीने वेग घेतला. उत्तराने हात वर केला, बराच वेळ वरच ठेवला आणि मग चिंधी सोडली.

या वेळी दोन्ही मुठी मिटल्या. पुढचा भाग खाली दबला, गाडी सरळ रेषेत थांबली. सुगंधाने खाली पाहायच्या आधी उत्तराकडे पाहिलं.

उत्तरा काठी टेकत जवळ आली, वाकून चाक आणि पट्टी बघितली.

"चाक थोडं बाहेर गेलंय," ती म्हणाली.

"हो," म्हणत सुगंधाने गाडी वळवली.

उत्तराने मातीतली चिंधी काठीने जवळ ओढली, उचलून झटकली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.