मामाच्या गावचं मैदान
चुन्याची फक्की नाकात गेली की मला महाडजवळचं ते फुटबॉलचं मैदान आठवतं. भातखाचरं सपाट करून ते केलेलं, पण गोलामागचा बांध तसाच ठेवलेला, आणि त्यावर बसून पाहुण्या गोलकीपरला शिव्या घालायची तिथली जुनी रीत. त्या दिवशी पोलादपूरचा गोलकीपर मी होतो आणि बांधावर माझा सख्खा मामा होता. "डोंगरातली गुरं आली रे खेळायला!" तो ओरडला, तसा सगळा बांध हसला, माझ्या पाठीवर ढेकळं बसू लागली. आम्ही एका गोलनं पुढे होतो, आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी झेपावून चेंडू छातीशी धरला. शिट्टी वाजताच मामा खाली उतरला. वाटलं, आता तरी पाठ थोपटेल. त्यानं माझी कॉलर धरली. "भाचा हायस ना माझा? मग बॉल सोडता नाय आला?" मी म्हटलं, "नाय." त्यानं सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारली. पुढे माझ्या लग्नात, मंगलाष्टकांच्या वेळी मामानं पाठीशी उभं राहायचं असतं तिथे, मी आमच्या संघातला फुलबॅक उभा केला. आई रडली. वाईट वाटलं ते तिच्यासाठी, आजही तेवढंच वाटतं.